डब्यात तीन किलो

पोतनीसांच्या घरात डिंकाचे लाडू मोजून ठेवत नसत, तोलून ठेवत. मोजण्यावर विमलताईंचा विश्वास नव्हता. "मोजले तर पुरेपूर भरतील हो, पण प्रत्येक लाडू थोडा थोडा कुरतडलेला असला म्हणजे?" असं त्या विचारत, आणि विचारताना नवऱ्याकडे बघत.

मधुसूदनरावांचे पूर्वज म्हणे दरबाराचा खजिना राखायचे, म्हणून आडनाव पोतनीस. दरबार गेला, खजिना गेला, राखण तेवढी उरली, आणि ती लग्न होऊन घरात आलेल्या विमलताईंच्या अंगात भिनली. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या त्या दुमजली घरात दूध आलं की त्या बोट बुडवून बघत, इस्त्रीचे कपडे आले की उलटे करून बघत, आणि कोणी फार गोड बोललं की त्या माणसाच्या पिशवीकडे बघत. दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा भाऊबीजेच्या आत तळाला गेला होता. तो कोणी संपवला याचा तपास माघ लागला तरी चालूच होता.

त्यात आता डिंकाचे लाडू आले. लेक मंजिरी इंदूरला बाळंत झाली होती. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण सासरीच झालं, आणि हे शल्य विमलताईंना होतंच. मग काय, निदान लाडू तरी माहेरचे गेले पाहिजेत! नया बाजारात चार दुकानं पालथी घालून त्यांनी डिंक आणला, खारीक आणली, खोबरं हुंगून हुंगून घेतलं. तुपात डिंक फुलताना अख्ख्या गल्लीला वास गेला. पुढच्या रविवारी बारसं होतं, म्हणजे डबा नऊ-दहा दिवस घरात राहणार, आणि घरात माणसं राहणार. विमलताईंची झोप उडायला एवढं पुरे होतं.

"आई, टेन्शन नको घेऊस. मी सिस्टम लावून देतो," अपूर्व म्हणाला. हा त्यांचा मुलगा. कंपनी नोएडाची, पण ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. दिवसभर कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर आणि शेजारी चहाचे रिकामे कप. त्याने कुठूनसा एक वजनकाटा मागवला, त्याला दोन वायरी जोडल्या, काटा स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला आणि वर लाडवांचा डबा. डब्याचं वजन वजा करून आतल्या लाडवांचं वजन थेट घरच्या ग्रुपवर येणार. कोणी हात घातला की चौघांचे फोन वाजणार.

पहिला मेसेज आला तेव्हा विमलताईंनी चष्मा लावला. ३.३९९९ आणि पुढे नऊच नऊ, थेट ओळीच्या टोकापर्यंत, आणि अगदी शेवटी एक पाच.

"हे काय? मी तीन किलो चारशे भरलेत. हा तर आत्तापासूनच कमी दाखवतोय! आणि तो शेवटचा पाच कोणाचा?"

"कोणाचा नाही गं. आत जो नंबर असतो न, तो मेसेजमध्ये लिहायचा तर त्याचं टेक्स्ट बनवावं लागतं. कॉम्प्युटरच्या आत ३.४ नेमकं बसत नाही, केसभर कमी राहतं. मी ते जसंच्या तसं लिहवलं म्हणून इतके आकडे आले."

"कोणीतरी कुरतडल्याशिवाय चारशेचे इतके नऊ होत नाहीत," विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी मधुसूदनरावांच्या मिशा निरखल्या.

तासाभरात तसे शंभरेक मेसेज आले. शेजारचा फ्रीज घुरघुरला की काटा थरथरे, काटा थरथरला की शेवटचे आकडे बदलत, आकडे बदलले की फोन वाजे. दुपारच्या झोपेचं पार खोबरं झालेले मधुसूदनराव बाहेर आले आणि म्हणाले, "अपूर्व, हे बंद कर, नाहीतर मी डब्यासकट काटा उचलून गच्चीवरून टाकून देईन."

"माणसासारखे आकडे लिही न," विमलताई म्हणाल्या. "भाजीवाला सांगतो का इतके नऊ?"

"दशांशानंतर किती हवेत, बोल."

"एकही नको. किलो म्हणजे किलो. आणि बदललं तरच सांगायचं, उगाच वटवट नको."

अपूर्वने प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या. ग्रुपवर स्वच्छ, सुटसुटीत मेसेज आला: 'डब्यात: ३ किलो'. त्यानंतर फोन जे गप्प झाले ते गप्पच. विमलताईंना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याचा भरवसा वाटला, आणि तो वायरी जोडलेल्या वजनकाट्याचा होता. त्याच भरात त्यांनी जेवताना फर्मान काढलं. "ऐकून ठेवा सगळ्यांनी. या लाडवांना जो हात लावेल, तो बारशाला येणार नाही. मग तो कोणी का असेना."

हे फर्मान जर कोणाच्या काळजाला खरोखर भिडलं असेल, तर ते अवंतिकाच्या. अपूर्वची बायको. पुण्याची, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. या घरात अजून तिला कुठला डबा कुठे ते विचारावं लागे, आणि विचारलं की "कशाला हवाय?" असा प्रतिप्रश्न येई. बारसं हे तिचं या कुटुंबातलं पहिलं कार्य होतं. ती मामी झाली होती! महिनाभर बसून तिने बाळासाठी निळ्या मखमलीची कुंची शिवली होती, कडेला मोती लावले होते, आणि ती कुंची स्वतःच्या हाताने बाळाला घालायची असं तिने मनाशी ठरवलं होतं. लाडू तिला आवडत नव्हते असं नाही. फडताळाजवळून जाताना ती श्वास रोखून जाई. पण आठवडाभर तिने त्या डब्याकडे नजर वर करून पाहिलं नाही.

आठव्या दिवशी मात्र घात झाला. दुपारी तिची मैत्रीण हेमांगी गावातल्याच हरिशंकरपुरमहून आली, तासभर बसली, आणि गेली. सकाळपासून अवंतिकाच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. विमलताई नया बाजारात बाळंतविडा घ्यायला गेल्या होत्या, सासरे गच्चीवर उन्हात पेपर तोंडावर घेऊन पडले होते, नवरा जिन्याखाली हेडफोनमध्ये. फडताळातून वास आला. अवंतिकाचा हात गेला. एक, फक्त एक लाडू तिने उचलला आणि तोंडाला लावला.

टिंग!

चार ठिकाणी चार फोन वाजले. 'डब्यात: २ किलो'.

नया बाजारात टोपड्याची लेस हातात धरून विमलताईंनी तो मेसेज वाचला. तिनाचे दोन! लेस दुकानदाराच्या अंगावर टाकून त्यांनी ई-रिक्षा थांबवली. "छावनी. जल्दी चलो भैया, घर में डाका पड़ा है।" रिक्षावाल्याने बिचाऱ्याने पोलीस चौकीवर घेऊ का म्हणून विचारलं.

घरात शिरल्या त्या थेट स्वयंपाकघरात. अवंतिका तिथेच उभी होती. हातात लाडू. अर्धा म्हणता येईल असा.

"मी घेतला आई," ती म्हणाली. "एक घेतला. खूप भूक लागली होती. चुकलं माझं."

"एक?" विमलताईंनी फोन तिच्या नाकासमोर धरला. "एक किलो गेलाय, एक किलो! एका किलोत किती लाडू बसतात माहितीये का तुला? ताट भरून!"

"अहो आई, ताटभर लाडू मी उभ्या उभ्या कुठे खाईन?"

"तेच तर मला विचारायचंय. खाल्ले नाहीत, तर गेले कुठे?"

बोलणं ऐकून मधुसूदनराव गच्चीवरून उतरले, पण दारातच थांबले. "अगं, असेल काही गडबड. पोर एक म्हणते तर एकच असेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुनेबद्दल इतका जिव्हाळा होता की विमलताईंनी त्यांच्याकडेही डोळे बारीक करून बघितलं.

अपूर्व हेडफोन गळ्यात लटकवून आला. अवंतिकाने त्याच्याकडे पाहिलं. आता हा तरी बोलेल, असं तिला वाटलं. तो बोलला. "अवंती, देख, सिस्टम आहे न, तो झूठ नाही बोलत. मी स्वतः लिहिलंय. सेन्सर एकदम परफेक्ट आहे."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी असं नाही बोललो यार. मी फक्त बोललो की काटा खरं बोलतो."

अवंतिकाचे डोळे भरून आले. चार महिन्यांचा नवरा एका वजनकाट्याच्या बाजूने उभा राहिला होता. आणि तिकडे विमलताईंच्या डोक्यात चक्रं फिरू लागली होती. त्यांना हेमांगी आठवली. हेमांगीची पिशवी आठवली. बाहेर पडताना त्यांनी ती जिन्यातच पाहिली होती, चांगली लांबलचक, फुगलेली पिशवी. येताना फुगलेली होती, म्हणजे जाताना त्यात आणखी काही मावलं नसतं, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांनी लगेच हेमांगीला फोन लावला.

"हेमांगी बेटा, पोचलीस न नीट? जड तर नाही न झालं?" त्यांनी आवाजात मध ओतला.

"काय जड काकू?"

"पिशवी गं."

"अहो काकू, त्यात माझी योगाची चटई होती. का, काय झालं?"

"काही नाही, काही नाही. सहजच. चटईला तूप वगैरे नाही न लागलं कशाचं?"

तिकडून फोन बंद झाला. पाच मिनिटांनी अवंतिकाच्या फोनवर हेमांगीचा मेसेज आला की तुझ्या सासूबाईंनी मला काय समजून फोन केला ते मला कळलंय, यापुढे मी तुमच्या घरी येणार नाही. अवंतिकाने तो वाचला आणि खुर्चीवर बसकण मारली. ग्वाल्हेरात तिची ती एकुलती एक मैत्रीण होती.

"फर्मान सगळ्यांना सारखं," विमलताई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलताना कुठेतरी टोचत होतं, पण शब्द तर देऊन बसल्या होत्या. "तू रविवारी घर सांभाळ. कुंची मी घेऊन जाते."

कुंचीचं नाव निघालं आणि अवंतिका ताडकन उठली. इतका वेळ ती सून होती, आता ती पुण्याची झाली.

"आई, एकच लाडू घेतला म्हणून सांगितलं, ते तुम्हाला पटत नाही. ठीक आहे. हातात उरलाय तो तरी परत घ्या. तुमच्या लेकीचा आहे." असं म्हणून तिने हातातला उष्टा तुकडा तरातरा जाऊन डब्यात टाकला.

टिंग!

चौघांनी फोन पाहिले. 'डब्यात: ३ किलो'.

विमलताईंनी डब्यात डोकावून पाहिलं. लाडवांच्या वर एक चावलेला तुकडा पडला होता, बाकी किलोभर लाडू कुठून उगवल्याची खूण नव्हती. त्यांनी दोन बोटांनी तो तुकडा उचलला. टिंग. दोन किलो. परत ठेवला. टिंग. तीन किलो.

"अर्ध्या लाडवात एक किलो?" त्या पुटपुटल्या. "अपूर्व, हे काय रे चाललंय?"

अपूर्वचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्याने मांडीवर लॅपटॉप घेतला, खटाखट काहीतरी केलं आणि कपाळावर हात मारला. "आई, आत वजन बरोबर आहे. ग्रॅमपर्यंत बरोबर आहे. फक्त लिहिताना... तूच बोलली होतीस न की दशांश एकही नको? तर अडीचच्या वर असलं की तो 'तीन' लिहितो, आणि अडीचच्या खाली गेलं की 'दोन'. आता अडीचच्या काठावर आहे, म्हणून एक तुकडा टाकला की इकडे, काढला की तिकडे."

"म्हणजे मी एकच घेतला होता," अवंतिका म्हणाली.

"एकच."

"आणि काटा झूठ नाही बोलत."

"अवंती, सॉरी यार. खरंच सॉरी. मी हेमांगीला पण फोन करतो."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. मधुसूदनरावांची तरी तशी फार इच्छा दिसली. "चला, झालं गेलं विसरा, मी जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. पण पोतनीसांच्या घरात संशय असा मोकळ्या हाताने परत जात नसतो.

"थांबा," विमलताई म्हणाल्या. "मी भरले तीन किलो चारशे. आता आहेत अडीच. तिने घेतलाय एक, तोही पुरता नाही. मग बाकीचे नऊशे ग्रॅम?"

मधुसूदनरावांच्या एका पायात चप्पल होती.

"अहो!"

"मी आपला दुसऱ्याच दिवशी एक घेऊन बघितला," ते म्हणाले. "म्हटलं बघू काय म्हणतंय मशीन. तर ते काहीच बोललं नाही. मला वाटलं, वडीलधाऱ्यांना चालतं म्हणून गप्प बसत असेल. मग रोज एक घेत गेलो. रोज गप्पच. इतकं समजूतदार कोणी मी या घरात पाहिलं नव्हतं."

"डॉक्टरांनी तुम्हाला गोड बंद केलंय!"

"डिंक औषधी असतो."

विमलताईंनी मान अपूर्वकडे वळवली. "बघ, तुझ्या बापाचे प्रताप." पण अपूर्व लॅपटॉपमध्ये जरा जास्तच खोल शिरला होता. त्याचे कान लाल झालेले अवंतिकाला दिसले.

"अपूर्व?"

"मी टेस्टिंग करत होतो," तो म्हणाला. "चहाबरोबर. म्हणजे एक उचलायचा आणि बघायचं मेसेज येतो का. येत नव्हता. मला वाटलं, इतका फरक काट्याला कळत नसेल."

"आणि उचललेला परत नाही ठेवलास?"

"उष्टा झाला होता न."

मधुसूदनराव बोटांवर काहीतरी हिशोब करू लागले. वीजमंडळात जन्म गेला होता, गळती शोधायची सवय जुनी. "माझे धरले," ते हळूच म्हणाले, "याचे धरले. तरी नऊशे होत नाहीत. अजून निम्मी गळती कुठेतरी आहेच."

तिघांनी मिळून विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनी पदर खोचला, मग सोडला, मग पुन्हा खोचला.

"डिंक आतपर्यंत फुललाय की नाही ते बघायला नको?" त्या म्हणाल्या. "लेकीच्या सासरी जायचेत. कच्चा राहिला तर विहीणबाई काय म्हणतील?"

"रोज बघायचं?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"लाडू रोज वेगळा असतो!"

यावर पहिली हसली ती अवंतिका. तिला थांबता येईना. डोळ्यांत मघाचं पाणी होतंच, त्यावरच हसू आलं. मग ती पदराने डोळे पुसून सासूबाईंसमोर उभी राहिली. "मग आई, फर्मानाचं काय करायचं? हात लावेल तो बारशाला नाही. बाबा गेले, हे गेले, आणि तुम्हीपण..."

"आणि तू? तूही खाल्लासच की!"

"मी अर्ध्याच्या आत खाल्ला. मोठा तुकडा परत टाकलाय, बघा. आणि तुमच्या काट्याच्या नियमाने अर्ध्याच्या आतलं शून्य धरतात. म्हणजे बारशाला मी एकटीच जाते. तुम्ही घर सांभाळा."

मधुसूदनरावांनी टाळी वाजवली आणि विमलताईंची नजर जाताच हात पाठीमागे नेले. विमलताईंनी टेबलावरची कुंची उचलली, तिच्यावरची न पडलेली धूळ झटकली आणि ती अवंतिकाच्या हातात दिली. "तूच घाल बाळाला," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या हेमांगीला सांग, काकू वेडी आहे. उद्या जेवायला ये म्हणावं. चटई घेऊन आली तरी चालेल." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, ते लपवायला त्या अपूर्ववर खेकसल्या. "आणि तू! ग्रॅम दाखव आता. एक एक ग्रॅम."

अपूर्वने ग्रॅम दाखवले, आणि फ्रीजच्या थरथरीने फोन वाजू नयेत एवढी काळजी या वेळी घेतली. दुसऱ्या दिवशी हेमांगी जेवून गेली. विमलताईंनी पुन्हा डिंक आणला, पुन्हा गल्लीला वास गेला, आणि शनिवारी दुपारी डबा पुन्हा भरून काट्यावर बसला. 'डब्यात: ३ किलो ४०० ग्रॅम'. आता एक मुंगी आत गेली तरी कळली असती.

बॅगा भरून झाल्या होत्या. मधुसूदनराव बाहेर ऊन खात बसले होते, अपूर्व गाडीत हवा भरायला गेला होता. स्वयंपाकघरात शांतता होती.

टिंग. 'डब्यात: ३ किलो ३५१ ग्रॅम'.

"आई," आतल्या खोलीतून अवंतिकाचा आवाज आला, "डिंक नीट फुललाय ना?"

फडताळासमोर विमलताई लाडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अवंतिका दारात आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"फुललाय असं वाटतंय," विमलताई हळू आवाजात म्हणाल्या. "पण एकट्या माणसाला काय कळतं? ये इकडे. तूही बघ."

टिंग. 'डब्यात: ३ किलो ३०२ ग्रॅम'.

"कोण आहे तिकडे?" अंगणातून मधुसूदनराव ओरडले. "कोणी घेतला?"

दोघींची तोंडं भरलेली होती, तरी उत्तर एकदमच गेलं.

"मशीन बिघडलंय!"